घाट उतरण्यापूर्वी : मोटारीच्या ब्रेकपॅडची झीज, पारख आणि बदल

बालाघाटच्या डोंगररांगेच्या कडेवर तुळजापूर वसले आहे. सोलापूरकडून येणारा रस्ता माळरानातून हळूहळू चढत येतो आणि अखेरीस घाटाने वर येतो. दर्शन आटोपून सोलापूरकडे परतणाऱ्या प्रत्येक वाहनाला तीच उंची पुन्हा उतरावी लागते. नवरात्रात आणि विशेषतः कोजागरी पौर्णिमेच्या सुमारास हा मार्ग माणसांनी फुलून जातो. सोलापूर आणि त्याही पलीकडून भाविक रात्रभर पायी चालत येतात. त्या दिवसांत वाहतूक अन्य मार्गांनी वळवली जाते. तथापि वर्षातील इतर सुट्या, मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा यांना अशी व्यवस्था नसते. माणसांनी खच्चून भरलेल्या जीपगाड्या, छोट्या मोटारी आणि मालवाहू टेम्पो एकामागून एक उतारास लागतात. अशा वेळी पायथ्याशी थांबलेल्या एखाद्या मोटारीजवळून जाताना काहीतरी करपल्याचा वास येतो. 'गाडी तापली,' एवढेच चालक म्हणतो, बॉनेट उघडतो, रेडिएटर पाहतो आणि सर्व ठीक आहे असे समजून पुढे निघतो. वस्तुतः तापलेले असतात ते ब्रेक, आणि त्यांकडे पाहण्याचे कोणास सुचत नाही.

धाराशिव जिल्ह्याची भूरचना आणि दळणवळण लक्षात घेता हा विषय केवळ मोटार-मिस्त्रींचा राहत नाही. सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, येडशीमार्गे बीडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ (पूर्वीचा २११) आणि नळदुर्ग, उमरगा यांवरून हैदराबादकडे जाणारा क्रमांक ६५ (पूर्वीचा ९) या दोन मोठ्या वाटा जिल्ह्यातून जातात. चौपदरीकरणानंतर सोलापूर-येडशी मार्गावरील वेग वाढला. मात्र त्याच मार्गावर ऊस भरलेल्या ट्रॉल्या, शाळेची वाहने, टंचाईच्या काळातील पाण्याचे टँकर आणि रस्ता ओलांडणारी गुरे पूर्वीप्रमाणेच आहेत. रस्ता सुधारला म्हणजे थांबण्याची गरज कमी झाली असे नव्हे. उलट, जेवढा वेग अधिक तेवढी ब्रेकवरील जबाबदारी मोठी.

कायदा कोठपर्यंत पाहतो

मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याखालील केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार प्रत्येक मोटारीचे ब्रेक कार्यक्षम असणे बंधनकारक आहे. प्रवासी व माल वाहून नेणाऱ्या परिवहन वाहनांस योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते : वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. खाजगी मोटारीची गोष्ट निराळी आहे. तिची नोंदणी पंधरा वर्षांसाठी होते आणि या संपूर्ण काळात तिचे ब्रेक तपासण्यासाठी ती कोणत्याही शासकीय कार्यालयासमोर उभी करावी लागत नाही. म्हणजेच 'एमएच २५' क्रमांकाची एखादी खाजगी मोटार नव्याची जुनी होईपर्यंत तिच्या ब्रेकची पारख करणारा एकमेव इसम तिचा मालक किंवा चालक असतो. त्याला पारख नसेल तर कोणालाच नसते.

शाळांच्या बाबतीत महाराष्ट्र शासनाने २०११ मध्ये स्कूलबससंबंधी स्वतंत्र नियम केले आणि प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी अशी तरतूद केली. या समितीच्या बैठकीत परवाना, विमा, अग्निशामक आणि प्रथमोपचार पेटी यांची चौकशी होते. ब्रेकपॅड शेवटी केव्हा बदलले आणि ते किती शिल्लक आहेत, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. तो विचारावयाचा तर उत्तर समजून घेण्यापुरते ज्ञान विचारणाऱ्यास असले पाहिजे.

थांबणे म्हणजे काय

ब्रेक मोटारीचा वेग नष्ट करतो असे आपण म्हणतो. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने तो काहीच नष्ट करीत नाही. गतीचे रूपांतर उष्णतेत करतो. दोन तळहात एकमेकांवर जोराने घासले असता ते गरम होतात, तसेच हे आहे. आधुनिक मोटारीच्या पुढील चाकांत चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी असते, तिला डिस्क म्हणतात. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक ब्रेकपॅड असतो. पॅड म्हणजे पोलादी पत्र्यावर बसविलेला घर्षणद्रव्याचा थर होय. कॅलिपर नावाच्या पकडीतील दट्ट्या या पॅडना डिस्कवर दाबतो, आणि चिमट्यात धरल्याप्रमाणे डिस्कची गती मंदावते. बहुतेक छोट्या मोटारींच्या मागील चाकांत मात्र ड्रम असतो, आणि त्याच्या आतून अर्धगोल आकाराचे 'शू' बाहेर रेटले जातात. त्यांवरील थरास आपल्याकडे सरसकट 'लायनर' म्हणतात. जुन्या अ‍ॅम्बॅसडर मोटारी आणि जीप यांना दीर्घकाळ चारही चाकांत ड्रमच होते.

चालकाच्या पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो तो ब्रेक ऑईलच्या द्वारे. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्वत्र सारखा पसरतो, हा पास्कलचा नियम माध्यमिक शाळेत शिकविला जातो. मुख्य सिलिंडरच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ ४ चौरस सेंटिमीटर आणि चाकाकडील दट्ट्याचे २० चौरस सेंटिमीटर धरले, तर चाकाकडे पाचपट जोर मिळतो. लहान-मोठ्या मापाच्या दोन सुया नसलेल्या पिचकाऱ्या पाण्याने भरून बारीक नळीने जोडल्या, की वर्गात हा प्रयोग दहा मिनिटांत करून दाखविता येतो. नळीत हवेचा एक बुडबुडा मुद्दाम शिरू द्यावा आणि पुन्हा दाबून पाहावे. दट्ट्या दबतो, पण दुसरीकडचा हलत नाही; कारण हवा दबते, पाणी दबत नाही. 'पेडल स्पंजासारखे लागते' या तक्रारीचा उलगडा विद्यार्थ्यास आयुष्यभर विसरता येणार नाही इतका स्पष्ट होतो.

आता उष्णतेचा हिशेब पाहू. माणसांसह १,००० किलो वजनाची मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असताना तिच्यात सुमारे १३९ किलोज्यूल एवढी गतिज ऊर्जा असते. एकदा पूर्ण थांबताना एवढी उष्णता मुख्यत्वे ब्रेकमध्ये निर्माण होते. हीच मोटार वेग न वाढविता केवळ १०० मीटर उंची उतरली तर ९८० किलोज्यूल ऊर्जा कोठेतरी खर्ची पडावी लागते, म्हणजे ताशी साठच्या वेगावरून सात वेळा पूर्ण थांबण्याइतकी. तीन लिटरहून अधिक पाणी उकळी फुटेपर्यंत तापेल एवढी ही उष्णता आहे. गिअर न्यूट्रलमध्ये टाकून उतरणारा चालक हवेच्या व टायरच्या विरोधाने जे जाईल ते वगळता हा सर्व भार चार चाकांतील पॅड व लायनर यांवर टाकतो. योग्य गिअरमध्ये उतरणारा चालक त्यातील मोठा वाटा इंजिनाकडे सोपवितो.

डोंगरउतार आणि ब्रेक यांचे नाते मोटारीपेक्षा जुने आहे. इंग्लंडच्या डर्बिशायर परगण्यातील हर्बर्ट फ्रूड या गृहस्थाने १८९७ मध्ये घोडागाड्यांसाठी ब्रेकचे ठोकळे बनविण्यास प्रारंभ केला. तेथील गाडीवान उतारावर गाडी आवरण्यासाठी लाकडी ठोकळ्यावर जुना बूट खिळत, हे पाहून त्यास ती कल्पना सुचली असे सांगतात. पुढे याच उद्योगातून मोटारींचे ब्रेक-लायनिंग जगभर पसरले. डिस्क ब्रेकचे पेटंट फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये घेतले खरे, पण त्यास प्रतिष्ठा मिळण्यास अर्धशतक जावे लागले. फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांची शर्यत १९५३ मध्ये डिस्क ब्रेक बसविलेल्या जॅग्वार मोटारीने जिंकली, आणि त्यानंतर हळूहळू सामान्य मोटारींतही ही पद्धत आली. ड्रमपेक्षा डिस्क वाऱ्यावर उघडी असल्याने लवकर थंड होते, हे तिचे खरे सामर्थ्य.

झिजणे हेच पॅडचे काम

पॅड झिजतो याचा अर्थ तो निकृष्ट आहे असा नाही. डिस्क टिकावी म्हणून पॅडने झिजावयाचे असते. नव्या पॅडवरील घर्षणद्रव्याचा थर वाहनागणिक कमीअधिक, साधारणतः १० मिलिमीटरच्या आसपास असतो. हा थर ३ मिलिमीटरवर आला की बदलाची तयारी करावी आणि २ मिलिमीटरच्या खाली जाऊ देऊ नये, असा व्यवहारातील ठोकताळा आहे. वाहनाच्या पुस्तिकेत याहून निराळी मर्यादा दिली असेल तर तीच प्रमाण मानावी. थर मोजताना पाठीमागचा पोलादी पत्रा धरावयाचा नाही. ही चूक वारंवार होते. पत्र्यासह आठ मिलिमीटर मोजून समाधान मानणाऱ्याकडे प्रत्यक्षात तीनच शिल्लक असतात.

पॅड किती किलोमीटर चालतात, या प्रश्नाचे एकच उत्तर देता येत नाही. महामार्गावर संथपणे चालणाऱ्या मोटारीस एक जोड चाळीस-पन्नास हजार किलोमीटर पुरेल. तीच मोटार बाजारपेठेतून, गतिरोधकांवरून आणि घाटांतून फिरत राहिली तर त्याच्या निम्म्यातही संपेल. ग्रामीण भागातील कच्च्या रस्त्यांवरील बारीक धूळ आणि खडी पॅड व डिस्क यांच्यामध्ये शिरून कानशीप्रमाणे काम करते, तर पावसाळ्यातील काळ्या मातीचा चिखल कॅलिपरच्या सरकत्या पिनांवर वाळून बसतो. म्हणून किलोमीटरच्या आकड्यावर विसंबून न राहता दर दहा हजार किलोमीटरला, आणि त्याखेरीज नवरात्र किंवा लग्नसराईसारख्या धावपळीच्या काळापूर्वी, थर डोळ्यांनी पाहणे हाच मार्ग होय. आजच्या अनेक मोटारींच्या चाकांच्या फटींतून बॅटरीचा उजेड टाकला असता बाहेरचा पॅड दिसतो. आतला मात्र दिसत नाही, आणि बऱ्याचदा आतलाच आधी झिजतो. तेव्हा वर्षातून एकदा तरी चाक उतरवून पाहिले पाहिजे. पाच वर्षे जुनी मोटार आणि ब्रेककडे एकदाही न पाहिलेला मालक ही जोडी दुर्दैवाने दुर्मीळ नाही.

मोटार स्वतःही सूचना देत असते. पुष्कळशा पॅडना पोलादाची एक लहानशी जीभ असते. थर संपत आला की ती डिस्कला घासू लागते आणि ब्रेक दाबताना कर्कश किंचाळी ऐकू येते. तो बिघाड नव्हे, बनविणाऱ्याने मुद्दाम ठेवलेला इशारा आहे. रेडिओचा आवाज वाढवून त्यावर उपाय होत नाही. पावसाच्या किंवा दवाच्या रात्रीनंतर सकाळी पहिल्या एक-दोन दाबांना होणारी किरकिर मात्र डिस्कवरील गंजाच्या पातळ पापुद्र्याची असते आणि ती आपोआप थांबते. किंचाळीच्या जागी दगडावर लोखंड ओढल्यासारखा खरखराट येऊ लागला तर थर संपला असून पोलादी पत्रा डिस्क खात आहे, असे निश्चित समजावे. यापुढचा प्रत्येक किलोमीटर मालकाच्या खिशातून जातो, कारण आता पॅडबरोबर डिस्कही बदलावी लागते; आणि तो खर्चाचा प्रश्न दुय्यम ठरावा इतकी थांबण्याची शक्ती घटलेली असते.

ब्रेक दाबताच मोटार एका अंगाला ओढू लागली तर एका बाजूचा कॅलिपर अडकला आहे किंवा पॅडवर तेल-ग्रीस आले आहे. पेडल पायाखाली थरथरत असेल तर डिस्क असमान झिजली आहे. पेडल पूर्वीपेक्षा खोल जात असेल तर ऑईलची गळती, हवा किंवा मागील लायनरची झीज यांचा शोध घ्यावा. समोरचा तांबडा दिवा हँडब्रेक सोडल्यावरही विझत नसेल तर ब्रेक ऑईलची पातळी पाहावी. येथे एक बारकावा आहे. पॅड झिजतात तसतसे दट्ट्ये बाहेर येतात आणि त्यांच्या मागे अधिक ऑईल मावते. त्यामुळे गळती नसतानाही टाकीतील पातळी हळूहळू उतरते. ती उतरलेली पाहून केवळ ऑईल भरून टाकणे म्हणजे झिजेची बातमी पुसून टाकणे होय.

थर पातळ झाल्याचा परिणाम थांबण्याच्या अंतरावर कसा होतो ते पाहणे उद्बोधक ठरेल. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार, चालकाच्या ध्यानी येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात, सुमारे १७ मीटर पुढे जाते. त्यानंतर उत्तम ब्रेक आणि कोरडा रस्ता असल्यास ती आणखी २० मीटरांत थांबू शकते. ब्रेकचा जोर निम्मा झाला तर हे २० मीटर ४० होतात. फरक वीस मीटरांचा, म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या दोन एसटी बसगाड्यांच्या लांबीहून थोडा कमी. धोकी किंवा कळंब परिसरात गळिताच्या हंगामात ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीमागून जाणाऱ्याने हे अंतर मनात मोजून पाहावे. ट्रॉलीला बहुधा मागील दिवे नसतात.

बदलण्याची रीत

पुढील चाकांचे पॅड बदलणे हे हातात कौशल्य आणि जवळ योग्य अवजारे असणाऱ्यास तासा-दोन तासांचे काम आहे. ज्याने ते कधी केले नाही त्याने प्रथम जाणत्या मिस्त्रीच्या शेजारी उभे राहून पाहावे. मागील ड्रमचे काम, हँडब्रेकची जुळणी आणि इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असलेल्या गाड्या यांना घरी हात लावू नये. एसटीच्या बसगाड्या व मोठे ट्रक यांतील ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. त्यांची पद्धत सर्वस्वी वेगळी असून येथे तिचा विचार केलेला नाही. स्वतः काम न करणाऱ्यासही पुढील क्रम ठाऊक असणे उपयोगाचे आहे, कारण गॅरेजमध्ये काय झाले आणि काय राहिले हे त्यास विचारता येते.

मोटार सपाट व कठीण जागेवर उभी करावी, हँडब्रेक ओढावा, पहिला गिअर टाकावा आणि मागील चाकांना दोन्ही बाजूंनी दगड अथवा लाकडी ठोकळे लावावेत. चाकाचे नट, चाक जमिनीवर असतानाच, थोडे सैल करावेत. मग जॅक लावून मोटार उचलावी आणि तिच्याखाली लोखंडी घोडी ठेवावी. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या मोटारीखाली हात-पाय घालणे हा जिवावरचा खेळ आहे. काळ्या रानातील भुसभुशीत जमिनीत जॅक खचतो, हे शेतकरी वाचकांस सांगावयास नको.

चाक काढल्यावर कॅलिपर समोर दिसतो. त्याच्या दोन पिनांपैकी सामान्यतः खालची काढली की तो वर उचलला जातो. कॅलिपर पूर्ण उतरविला तर तो रबरी नळीवर लोंबकळू न देता तारेने वर बांधून ठेवावा. नळी आतून फाटली तर बाहेरून कळत नाही. जुने पॅड काढताना कोणता आत होता व कोणता बाहेर हे ध्यानात ठेवावे. दोघांची झीज सारखी असेल तर कॅलिपर मोकळा सरकत आहे. एक कागदासारखा आणि दुसरा जाड निघाला तर पिना अडकल्या आहेत, आणि त्या साफ न करता नवे पॅड बसविणे म्हणजे तीच तक्रार सहा महिन्यांनी पुन्हा ओढवून घेणे. पिनांना उष्णता सोसणारे खास ब्रेक-ग्रीस लावावे. सायकलचे किंवा बैलगाडीच्या आखाचे वंगण चालत नाही.

ब्रेकची धूळ तोंडाने फुंकू नये, हवेच्या पंपानेही उडवू नये. पूर्वीच्या पॅड-लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस सर्रास वापरले जात असे आणि त्याचे तंतू फुप्फुसांत जाऊन वर्षानुवर्षांनी कर्करोगास कारण होतात. नव्या पॅडमध्ये ते नसले तरी पेटीतील पॅड कशाचे बनले आहेत हे बाहेरून ओळखता येत नाही. ओल्या फडक्याने पुसावे, ते फडके टाकून द्यावे. लहान गॅरेजांतील पोरसवदा शिकाऊ मुले दिवसातून दहादा हे काम उघड्या तोंडाने करतात, याकडे गावच्या जाणत्यांनी लक्ष पुरविले तर बरे.

आता डिस्क पाहावी. तिच्यावर नखाला लागतील असे खोल चरे, भेगा किंवा निळसर डाग असतील, अथवा तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा ती पातळ झाली असेल, तर ती बदलावी. दट्ट्या आत ढकलल्याशिवाय नवे जाड पॅड बसत नाहीत. तत्पूर्वी ऑईलच्या टाकीचे झाकण सैल करावे आणि पातळी वर असल्यास थोडे ऑईल काढून घ्यावे, अन्यथा दट्ट्या मागे जाताच ते उतू जाते व रंग खाऊन टाकते. दट्ट्यावर जुना पॅड ठेवून क्लँपने सावकाश दाबावे. नवे पॅड जागेवर बसविताना घर्षणाच्या बाजूस हाताचे तेलही लागू देऊ नये. कॅलिपर खाली घेऊन पीन पुस्तिकेत दिलेल्या जोराने आवळावी. एका चाकाचे पॅड बदलले की त्याच आसावरील दुसऱ्या चाकाचेही बदलावेच लागतात. नाही तर मोटार ब्रेक दाबताच तिरपी होते. काटकसरीपोटी एकाच बाजूची जोडी मागणारे गिऱ्हाईक भेटते, असे दुकानदार सांगतात. पॅड घेताना पेटीवरील वाहनाचे नाव व क्रमांक पडताळावा आणि पावती मागावी. नामांकित पेटीसारखी दिसणारी नकली पेटी निम्म्या किमतीत मिळते, आणि तिच्यातील पॅड पहिल्याच घाटात करपतो.

चाक बसवून मोटार खाली घेतली, नट आडव्या-तिरप्या क्रमाने आवळले, म्हणजे काम संपले असे वाटते. सर्वांत घातक विसर येथेच पडतो. दट्ट्या मागे ढकललेला असल्याने पॅड आणि डिस्क यांत अंतर राहिलेले असते, आणि पहिला दाब थेट तळाला जातो. म्हणून इंजिन सुरू करून, मोटार जागेवरच असताना, पेडल कठीण लागेपर्यंत अनेकदा दाबावे. त्यानंतर ऑईलची पातळी कमाल व किमान खुणांच्या दरम्यान आणावी. हे केल्यावाचून गॅरेजच्या दारातून बाहेर पडलेल्या मोटारी समोरच्या भिंतीवर गेल्या आहेत.

नवा पॅड लगेच पूर्ण पकड घेत नाही. मोकळ्या रस्त्यावर ताशी पन्नासच्या वेगावरून दहा-पंधरापर्यंत हलक्या दाबाने वेग कमी करावा, मध्ये डिस्क थंड होऊ द्यावी, आणि असे आठ-दहा वेळा करावे. पहिले दोन-तीनशे किलोमीटर कचकन ब्रेक मारणे टाळावे. तात्पर्य, यात्रेच्या आदल्या रात्री पॅड बदलून पहाटे घाट गाठणे योग्य नव्हे; निदान आठवडाभर आधी हे काम उरकावे.

ऑईल आणि उतार

ब्रेक ऑईल हवेतील बाष्प शोषून घेते. 'डॉट ३' प्रतीच्या नव्या ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरल्यानंतर तो १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. 'डॉट ४'साठी हेच आकडे २३० आणि १५५ असे आहेत. उतारावर सतत दाबून धरलेल्या ब्रेकची उष्णता पॅड व दट्ट्यामार्फत ऑईलपर्यंत जाते. ते उकळले की नळीत वाफ होते, आणि पिचकारीच्या प्रयोगातील बुडबुड्याचे कार्य ती वाफ करते : पेडल खाली जाते, मोटार थांबत नाही. पातळ झालेला पॅड ही उष्णता अधिक वेगाने पुढे पाठवितो, कारण तिला अडविणारा थरच उरलेला नसतो. यास्तव दर दोन वर्षांनी ऑईल बदलावे, एकदा उघडून महिनोन्‌महिने ठेवलेल्या डब्यातले वापरू नये, आणि इंजिन ऑईल तर चुकूनही मिसळू नये. त्याने आतील रबर फुगून निकामी होते.

इंधन वाचविण्यासाठी उतारावर इंजिन बंद करण्याची जुनी खोड अद्याप पुरती गेलेली नाही. इंजिन बंद होताच ब्रेकला साहाय्य करणारी निर्वात यंत्रणा एक-दोन दाबांपुरतीच शिल्लक राहते, त्यानंतर पेडल दगडासारखे होते. किल्ली मागे फिरली तर स्टिअरिंगही अडकते. शिवाय आजच्या मोटारी गिअरमध्ये उतरताना, पाय ॲक्सिलरेटरवर नसल्यास, इंधनाचा पुरवठा स्वतःच तोडतात, म्हणजे बचतीचा तो हिशेबही आता खोटा ठरला आहे. घाट ज्या गिअरने चढावा लागेल त्याच गिअरने उतरावा, ब्रेक मधूनमधून ठामपणे दाबून सोडावा, सतत घासत ठेवू नये. अरुंद चढणीवर वर येणाऱ्या वाहनास प्रथम वाट द्यावी, असे २०१७ च्या वाहनचालन विनियमांत सांगितले आहे. ती देता यावी म्हणून खाली उतरणाऱ्याचा वेग मुळातच आवाक्यात हवा. टँकरच्या बाबतीत ग्रामपंचायतींनी आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. बारा हजार लिटर पाणी म्हणजे बारा टन वजन. आणि टाकी अर्धवट भरलेली असेल तर ब्रेक दाबताच ते पाणी पुढे धडकते. वाडीवस्तीच्या उतारावर टँकर पाठविण्यापूर्वी चालकाकडे लॉगबुकाबरोबर ब्रेकच्या कामाची नोंदही मागावी. शासकीय जीपगाडीच्या नोंदवहीत डिझेल व किलोमीटर यांचे रकाने काटेकोर भरलेले आढळतात, तेथे पॅडची जाडी लिहिण्यास अर्धी ओळ पुरेल.

विजेवर चालणाऱ्या मोटारी आता जिल्ह्यातही दिसू लागल्या आहेत. त्या वेग कमी करताना गतीचा काही भाग बॅटरीत परत साठवितात, त्यामुळे त्यांचे पॅड पुष्कळ अधिक टिकतात. परंतु कमी वापराने डिस्क गंजते आणि पिना जाम होतात, हा त्यांचा स्वतंत्र दोष आहे. चाक उतरवून पाहण्यातून त्यांचीही सुटका नाही.

घाट उतरून पायथ्याशी आल्यावर मोटार सुरक्षित जागी थांबवावी आणि चारही चाकांजवळून एकदा फिरावे. हात चाकास न लावता केवळ जवळ न्यावा. पुढील दोन्ही चाके सारखी उष्ण असणे स्वाभाविक आहे. त्यांपैकी एकच चाक झळ लागावी इतके तापलेले असेल तर त्या बाजूचा कॅलिपर ब्रेक सोडल्यावरही पॅड धरून ठेवीत आहे, आणि एखादे अगदीच थंड असेल तर ते कामच करीत नाही. अशा चाकावर पाणी ओतू नये, तापलेली डिस्क वाकडी होते. अर्धा तास थांबून, चहा घेऊन, सावकाश जवळचे गॅरेज गाठावे आणि मिस्त्रीला कोणते चाक तापले होते ते नेमके सांगावे.